आधी पिस्तूल, मग टोपली : सायकल आणि कुत्रा यांचा इतिहास

१/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये एक छोटे रिव्हॉल्व्हर विक्रीस आले. तळहातात मावेल आणि कोटाच्या खिशात सहज राहील, एवढेच. त्याचे नाव 'व्हेलो-डॉग'. 'व्हेलो' म्हणजे सायकल आणि 'डॉग' म्हणजे कुत्रा. अंगावर धावून येणाऱ्या कुत्र्यावर सायकलस्वाराला झाडता यावे, यासाठीच हे शस्त्र घडवले गेले होते. आज त्याच युरोपात सायकलच्या हँडलला लहान कुत्र्यासाठी वेताची टोपली लावलेली दिसते. पिस्तुलापासून टोपलीपर्यंतचा हा प्रवास कसा घडला, हे सांगणारा हा धागा. #थ्रेड #इतिहास

२/
माणसे प्राण्यांवर अधिक प्रेम करू लागली, हे या प्रश्नाचे सोपे उत्तर. पण प्रेम तर आधीही होतेच. व्हिक्टोरियन इंग्लंडच्या दिवाणखान्यात कुत्र्याला मानाचे स्थान होते आणि त्याच काळात रस्त्यावर कुत्र्यांना गोळ्याही घातल्या जात होत्या. म्हणून केवळ मायेने हा बदल उलगडत नाही. त्यासाठी तीन गोष्टींचा इतिहास एकत्र वाचावा लागतो : यंत्र, रोग आणि कायदा.

३/
सुरुवात यंत्रापासून. १८७०च्या दशकातील सायकलचे पुढचे चाक सुमारे दीड मीटर उंचीचे असे आणि मागचे अगदी लहान. साखळी नव्हती, पेडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असे. चाक जितके मोठे, तितके एका फेरीत अंतर जास्त. स्वार जवळजवळ आसाच्या वरच बसलेला असल्याने पुढचे चाक कशालाही अडले की तो हँडलवरून थेट डोक्यावर आपटे. दगड, खड्डा किंवा चाकाखाली आलेले एखादे लहान कुत्रे, कोणतेही कारण त्यास पुरेसे होते.

४/
मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाने १८८०च्या दशकात अशीच उंच चाकाची सायकल शिकण्याचा खटाटोप केला. त्यावरचा त्याचा विनोदी लेख त्याच्या मृत्यूनंतर, १९१७ मध्ये पुस्तकात आला. त्यात कुत्र्यांविषयी एक मार्मिक निरीक्षण आहे. सायकलस्वार मुद्दाम अंगावर आला, तर कुत्र्याला बाजूला होण्याचा हिशेब जमतो. परंतु स्वार त्याला चुकवू पाहतो, तेव्हा त्याचा हिशेब फसतो आणि तो नेमका चुकीच्या बाजूला उडी मारतो. नवशिक्या सायकलस्वाराला हे आजही पटावे.

५/
कुत्र्याच्या बाजूनेही पाहायला हवे. पळणाऱ्या वस्तूचा पाठलाग करणे हा त्याचा उपजत स्वभाव. त्यातच खेड्यातील कुत्रा राखणीचा : अनोळखी माणूस हद्दीत आला की भुंकायचे, पुढे सरकला की पिटाळायचे, यासाठीच त्याला भाकरी मिळे. घोडा आणि बैलगाडी त्याच्या परिचयाची होती. परंतु टापांचा आवाज न करता घोड्याच्या वेगाने येणारा, अधांतरी बसलेला माणूस त्याने कधी पाहिलाच नव्हता. त्याच्यावर धावून जाणे हे त्याच्या दृष्टीने कर्तव्यच होते.

६/
यानंतर येते १८८५ हे वर्ष. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' ही सायकल बाजारात आणली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, साखळीने मागचे चाक फिरणारे, आसन दोन चाकांच्या मध्ये. डोक्यावर आपटण्याचा धोका एकदम घटला, म्हणून तिला 'सेफ्टी' म्हणजे सुरक्षित सायकल असे नाव पडले. आजची प्रत्येक साधी सायकल याच रचनेची वंशज आहे.

७/
मात्र कुत्र्यांच्या बाबतीत ही सुरक्षित सायकल एका अर्थी अधिक धोक्याची ठरली. उंच चाकावरचा स्वार जमिनीपासून बराच वर बसे. आता त्याच्या पोटऱ्या कुत्र्याच्या तोंडाच्या पातळीवर आल्या. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेला टायर केला. त्यामुळे सायकल अधिक वेगवान झाली आणि जवळजवळ निःशब्दही. झोपलेल्या कुत्र्याला ती अगदी जवळ आल्यावरच कळे आणि तो दचकून उठे.

८/
त्याच १८८५ या वर्षी पॅरिसमध्ये दुसरी घटना घडली. ६ जुलै रोजी जोसेफ मेस्टर नावाच्या ९ वर्षांच्या मुलाला लुई पाश्चर यांच्याकडे आणण्यात आले. दोनच दिवसांपूर्वी त्याला पिसाळलेल्या कुत्र्याने अनेक ठिकाणी चावे घेतले होते. पाश्चर यांच्या देखरेखीखाली पुढील सुमारे १० दिवसांत त्याला लसीची १३ इंजेक्शने देण्यात आली. मुलगा वाचला. सुरक्षित सायकल आणि रेबीजची लस या दोन्ही गोष्टी एकाच वर्षाच्या आहेत, हा योगायोग या कथेत महत्त्वाचा ठरतो.

९/
रेबीजची भीती समजून घेतल्याविना व्हेलो-डॉग समजत नाही. विषाणू चाव्यातून शरीरात शिरतो आणि मज्जातंतूंच्या मार्गाने हळूहळू मेंदूकडे सरकतो. त्याला बहुधा काही आठवडे किंवा महिने लागतात. एकदा लक्षणे दिसली की मृत्यू जवळजवळ अटळ. चावा किरकोळ असला, तरी पुढचे काही महिने माणूस स्वतःच्या घशाकडे लक्ष ठेवून जगे : पाणी गिळता येते आहे ना, त्याची भीती तर वाटत नाही ना.

१०/
लस निघाली म्हणून ही भीती लगेच संपली नाही. आरंभीच्या काळात लस घ्यायला पॅरिस गाठावे लागे. पाश्चर संस्था उभी राहिली ती १८८८ मध्ये. आडगावच्या रस्त्यावर कुत्रा चावलेल्या माणसाला आधी प्रवासाचा खर्च, मग दिवसांचा हिशेब करावा लागे. उपचार आहे हे ठाऊक होते, पण तो हाताशी नव्हता. अशा वेळी चावाच होऊ न देणारे साधन खिशात असावे, असे सायकलस्वारांना वाटले तर नवल नाही.

११/
ते साधन शस्त्रकार शार्ल-फ्रान्स्वा गालाँ यांच्या घराण्याने पुरवले. १८९०च्या दशकात आलेल्या या रिव्हॉल्व्हरचे काडतूस पेन्सिलीसारखे बारीक आणि लांबट होते. पुढे निघालेल्या पुष्कळ प्रकारांत हॅमर आतच झाकलेला असे, कारण घाईत बाहेर काढताना तो कापडात अडकू नये. चाप घडी करून मिटवता येई. एका हाताने हँडल सांभाळायचे आणि दुसऱ्या हाताने शस्त्र काढायचे, ही त्या रचनेमागची कल्पना.

१२/
प्रत्येकालाच कुत्रा मारायचा होता असे नाही. शेतकऱ्याचा कुत्रा मारला तर शेतकऱ्याशी गाठ पडे आणि भरपाईची मागणी होई, ते वेगळेच. त्यामुळे शिशाच्या गोळीऐवजी तिखट भरलेली, किंवा मेणाची वा बुचाची गोळी असलेली काडतुसेही विकली जात. कुत्र्याच्या डोळ्यांत तिखट गेले की स्वाराला निसटायला पुरेसा अवधी मिळे. अमेरिकेत याच हेतूने अमोनियाचे पाणी उडवणारी पिस्तुले सायकलस्वारांसाठी विकली जात.

१३/
सायकल आणि बंदूक यांची ही जवळीक केवळ खिशापुरती नव्हती. फ्रान्समधील सेंट-एतियेन, बेल्जियममधील लिएज, स्पेनमधील एइबार ही शस्त्रांची गावे. त्यांतील लिएज आणि एइबार येथे व्हेलो-डॉगच्या असंख्य नकला बनल्या. सेंट-एतियेनच्या एका प्रख्यात कारखान्याच्या नावातच 'शस्त्रे व सायकली' हे दोन्ही शब्द होते. एइबारची ओर्बेया ही आजची सायकल कंपनी मुळात बंदुका बनवणारी. आपल्याकडे जुन्या सायकलवाल्यांच्या तोंडी असलेले 'बीएसए' हे नाव म्हणजे 'बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स'.

१४/
याचे कारण तांत्रिक आहे. बंदुकीची नळी आणि सायकलची चौकट, दोन्हींना पोलादाचे नेमके काम लागते. एकसारखे, परस्परांच्या जागी बसणारे सुटे भाग मोठ्या संख्येने घडवण्याचे कसब शस्त्रांच्या कारखान्यांत आधीच होते. युद्ध नसले की यंत्रे रिकामी राहत. सायकलने त्यांना काम दिले. त्यामुळे एकाच कारखान्याने माणसाला वाहन विकावे आणि त्या वाहनामागे धावणाऱ्या कुत्र्यासाठी काडतूसही विकावे, हे त्या काळात विसंगत वाटत नव्हते.

१५/
स्त्रियांसाठी तर हा प्रश्न अधिकच अवघड होता, कारण लांब झगा कुत्र्याच्या दातांत सहज सापडे. अमेरिकन प्रवासी फॅनी बुलक वर्कमन हिने पतीसह १८९०च्या दशकात अल्जीरिया, स्पेन आणि पुढे हिंदुस्थान सायकलवरून पालथा घातला. तिच्या सामानात चहाची किटली होती, रिव्हॉल्व्हर होते आणि कुत्र्यांसाठी चाबूकही होता. हिंदुस्थानच्या प्रवासावरील त्यांचे पुस्तक १९०४ मध्ये आले. त्याच्या उपशीर्षकात १४,००० मैलांचा उल्लेख आहे.

१६/
येथे एक प्रश्न विचारायला हवा : गोळी झाडली जाई ती कोणाच्या कुत्र्यावर? फ्रान्समध्ये १८५५ पासून कुत्र्यांवर कर होता आणि कायद्यानेच त्यांचे दोन वर्ग पाडले होते. एकात हौसेचे आणि शिकारीचे कुत्रे, त्यांच्यावर जास्त कर. दुसऱ्यात राखणीचे, मेंढरांमागचे, अंधांना वाट दाखवणारे कुत्रे, त्यांच्यावर कमी. सायकलमागे धावणारा कुत्रा बहुधा या दुसऱ्या वर्गातला, म्हणजे काम करणारा होता.

१७/
आरंभीच्या काळात सायकल महाग होती. रविवारी शहराबाहेर फेरफटका मारायला निघणारा स्वार बहुधा मध्यमवर्गीय असे आणि ज्याच्या अंगणावरून तो जाई तो शेतकरी. म्हणजे कुत्रा आणि सायकल यांच्या भांडणात शहर आणि खेडे यांचेही भांडण दडलेले होते. शहरी माणसाच्या घरी सोफ्यावर बसणारे कुत्रे त्याला प्रिय होते. तेच चार पाय शेतकऱ्याच्या दारात दिसले की त्याचा हात खिशाकडे जाई.

१८/
कुत्र्याला चाकाशी जोडण्याचा एक विचित्र प्रयोगही याच काळातला. १८७५ मध्ये हुरे नावाच्या फ्रेंच माणसाने कुत्र्यांच्या बळावर चालणाऱ्या तीनचाकीचे पेटंट घेतले. तिच्या दोन मोठ्या पोकळ चाकांच्या आत कुत्र्यांनी धावायचे आणि माणसाने वर बसायचे. बेल्जियममध्ये दुधाच्या गाड्या ओढणारे कुत्रे सर्रास दिसत. ब्रिटनने मात्र कुत्र्यांच्या गाड्यांवर १८३९च्या कायद्याने लंडन परिसरात आणि १८५४ मध्ये देशभर बंदी घातली होती. म्हणजे सहप्रवासी होण्यापूर्वी कुत्रा युरोपच्या रस्त्यांवर मजूर होता.

१९/
आता कायदा. १८९७ मध्ये ब्रिटनचे कृषिमंत्री वॉल्टर लाँग यांनी रेबीज संपवण्याचा चंग बांधला. रोगग्रस्त भागांतील कुत्र्यांना तोंडाला मुसके बांधल्याशिवाय रस्त्यावर आणता येणार नाही, आणि परदेशातून येणाऱ्या कुत्र्यांना विलग ठेवावे लागेल, असे आदेश निघाले. बेवारस कुत्रे पकडून मारले गेले. श्वानप्रेमी खवळले. आपल्या लाडक्या कुत्र्याचे तोंड बांधणारा मंत्री म्हणून लाँग यांच्यावर टीकेची झोड उठली.

२०/
या आदेशांत सवलतीही होत्या. शिकारीच्या वेळी शिकारी कुत्र्यांना मुसके नको. उमरावांचा शिकारी तांडा मोकळा आणि गल्लीतला कुत्रा बांधलेला, हा भेद लोकांच्या नजरेतून सुटला नाही. तरीही १९०२ पर्यंत ब्रिटन रेबीजमुक्त झाले. पहिल्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर १९१८ मध्ये रोग पुन्हा शिरला आणि १९२२ मध्ये पुन्हा हद्दपार झाला. त्यानंतर ब्रिटिश रस्त्यावरच्या कुत्र्याचा चावा ही केवळ एक जखम उरली.

२१/
या संक्रमणाची एक खूण वाङ्मयात सापडते. जेरोम के. जेरोम याच्या १८८९च्या नौकाप्रवासाच्या कादंबरीत तीन मित्रांसोबत मॉन्टमोरेन्सी नावाचे खोडकर कुत्रे आहे. १९०० मध्ये त्याच तिघांना जेरोमने जर्मनीत सायकलवर धाडले. या दुसऱ्या पुस्तकात मॉन्टमोरेन्सी नाही. होडीत कुत्र्याला बसायला जागा होती. सायकलवर ती अजून कोणाच्या डोळ्यांसमोर नसावी.

२२/
मोटारीत ती जागा लवकर मिळाली. १९०३ मध्ये होरेशिओ नेल्सन जॅक्सन आणि स्यूअल क्रॉकर यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कपर्यंत मोटार नेली. मोटारीने अमेरिका पार करण्याची ही पहिलीच वेळ, आणि त्यासाठी ६३ दिवस लागले. वाटेत आयडाहोमध्ये त्यांनी बड नावाचा कुत्रा सोबत घेतला. उघड्या मोटारीतील धुळीने त्याचे डोळे चुरचुरत, म्हणून त्यालाही माणसांसारखा धुळीचा चष्मा चढवण्यात आला. त्या चष्म्यातील बडची छायाचित्रे आजही प्रसिद्ध आहेत.

२३/
सायकलवरची जागा मात्र उपयोगातून निर्माण झाली. सायकल स्वस्त झाली, तशी ती सहलीची न राहता बाजारहाटाची झाली. टपाल, पाव, दूध, भाजी वाहण्यासाठी मागे कॅरिअर आणि पुढे टोपली आली. डेन्मार्कमध्ये १९२०च्या दशकात पुढे सपाट फळी असलेली लांबलचक मालवाहू सायकल निघाली. भाजीची जुडी जेथे मावते, तेथे तीन-चार किलोंचे कुत्रेही मावते. कुत्र्यासाठी मुद्दाम काही शोधावे लागले नाही. बाजाराची टोपली रिकामी होती, एवढेच.

२४/
टोपलीतल्या कुत्र्याचे जगातील सर्वांत प्रसिद्ध चित्र १९३९चे आहे. 'द विझार्ड ऑफ ऑझ' या चित्रपटात मिस गल्च नावाची करारी बाई सायकलच्या मागे बांधलेल्या वेताच्या टोपलीत टोटो या लहान कुत्र्याला घालून नेते. टोटोचे काम टेरी नावाच्या केर्न टेरियर जातीच्या कुत्रीने केले होते. हे दृश्य अनेकांच्या आठवणीत गोड म्हणून उरले आहे. प्रत्यक्षात त्यात गोड असे काहीच नाही.

२५/
टोटो मिस गल्चला चावलेला असतो. ती शेरीफचा आदेश घेऊन येते आणि कुत्र्याला ठार करण्यासाठी घेऊन जाते. डोरोथी ही पोरकी मुलगी रडत राहते; तिचे काका-काकू कायद्यापुढे हतबल होतात. टोपलीला झाकण आहे, कारण ती येथे पिंजरा आहे. वाटेत टोटो झाकण ढकलून उडी मारतो आणि घरी पळत येतो. ते लोक पुन्हा येतील या भीतीने डोरोथी त्याला घेऊन घर सोडते आणि पुढची सगळी कथा घडते.

२६/
हा प्रसंग एल. फ्रँक बॉम याच्या १९००च्या मूळ पुस्तकात नाही. मिस गल्च आणि तिची सायकल ही चित्रपटाची भर आहे. चित्रपटाच्या प्रेक्षकांना मात्र काहीही समजावून सांगावे लागले नाही. चावणारे कुत्रे, सरकारी आदेश आणि मृत्युदंड ही साखळी त्यांच्या ओळखीची होती. व्हेलो-डॉगच्या काळात सायकलस्वार कुत्र्याला स्वतः मारी. १९३९च्या पडद्यावर तो त्याला कायद्याच्या हवाली करतो. मध्ये बदलले ते शिक्षा देणाऱ्याचे नाव.

२७/
दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पश्चिम युरोपात हे चित्र उलटत गेले. कुत्र्याला परवाना, पट्टा आणि लस आली. रस्त्यावर मोकाट कुत्रा उरला नाही, म्हणून टोपलीतल्या कुत्र्यालाही धोका उरला नाही. जर्मनीच्या वाहतूक नियमांत सायकलवरून फक्त कुत्र्यालाच सोबत चालवत नेण्याची मुभा आहे, इतर कोणत्याही प्राण्याला नाही. कोपनहेगनमधील क्रिस्टियानिया वस्तीत १९८०च्या दशकात घडलेल्या तीनचाकी पेटीच्या सायकलीत पुढे मुले बसतात, आणि कुत्रेही.

२८/
जुने भांडण अधूनमधून डोके वर काढतेच. २००७च्या टूर द फ्रान्स शर्यतीत एकाहून अधिक स्वार कुत्र्यांवर आदळले. त्यांपैकी सँडी कझार हा फ्रेंच स्वार १८व्या टप्प्यात पडला, खरचटलेल्या अंगाने पुन्हा सायकलवर बसला आणि तो टप्पा त्याने जिंकलाही. मात्र आता अशा घटनेची बातमी होते ती अपवाद म्हणून, आणि लोक आधी कुत्रा बरा आहे ना, हेही विचारतात.

२९/
आपल्याकडे या कथेने वेगळे वळण घेतले. मुंबईत सायकल येण्याच्या कितीतरी आधी, जून १८३२ मध्ये, मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला. त्यांच्या धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. इतर समाजांतील व्यापारीही बंदमध्ये सामील झाले. रस्त्यावरच्या कुत्र्याचे कोणीच नाही, हे ब्रिटिशांचे गृहीतक या शहराने मान्य केले नाही. मालक नसला तरी वस्तीचा कुत्रा वस्तीचा असतो, ही येथील जुनी समजूत.

३०/
रोग मात्र येथेही तोच. हिंदुस्थानात कसौली येथे १९०० मध्ये आणि कुन्नूर येथे १९०७ मध्ये पाश्चर संस्था सुरू झाल्या. कसौलीत डेव्हिड सेम्पल यांनी मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली लस पुढे जवळजवळ शतकभर देशभर वापरात राहिली. 'कुत्रा चावला की पोटात १४ इंजेक्शने', ही मराठी घरांतील मुलांना घातली जाणारी भीती त्याच लसीची देणगी. ती लस भारतात या शतकाच्या आरंभी बंद झाली.

३१/
ब्रिटनमध्ये पाठलाग करणारा कुत्रा आधी नाहीसा झाला आणि टोपलीतला कुत्रा नंतर निर्धास्त झाला. भारतात हे दोन्ही कुत्रे एकाच वेळी, एकाच रस्त्यावर आहेत. पुण्यात किंवा नागपुरात सकाळी स्कूटरच्या पायरीवर ऐटीत उभे असलेले लहान कुत्रे दिसते. रात्री त्याच चौकात भटक्या कुत्र्यांची टोळी दुचाकीमागे धावते. २००१च्या नियमांनी भटक्या कुत्र्यांसाठी मारण्याऐवजी निर्बीजीकरण आणि लसीकरण हा मार्ग ठरवला. जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

३२/
हा मार्ग कागदावरच राहतो असेही नाही. गोव्यात गेल्या दशकात पथकांनी गावोगावी फिरून, जाळ्यांनी पकडून कुत्र्यांना लस टोचली आणि खूण करून जागच्या जागी सोडून दिले. एखाद्या भागातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे त्यामागचे गणित. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित प्रदेश म्हणून घोषित झाला. ब्रिटनने मुसके आणि कत्तल यांच्या बळावर जे साधले, त्याच्या बरेच जवळ एक किनारपट्टीचे राज्य सुईच्या बळावर पोहोचले.

३३/
व्हेलो-डॉग आज संग्रहालयांत आणि हौशी संग्राहकांच्या कपाटांत आहे. त्याला तेथे पाठवले ते लसीने, कायद्याने आणि काही प्रमाणात हजारो बेवारस कुत्र्यांच्या मृत्यूने. टोपलीतल्या कुत्र्याचा सुखाचा प्रवास या तिन्हींवर उभा आहे. म्हणून आपल्या कुत्र्याला सायकलवर वा स्कूटरवर घेऊन निघणाऱ्याचे हित रस्त्यावरच्या कुत्र्याच्या लसीतही आहे. त्या चौकातल्या कुत्र्याला लस मिळाली आहे का, ही चौकशी आपल्या प्रभागात आजही करता येते.

धागा समाप्त. आवडल्यास इतर इतिहासप्रेमी मित्रांपर्यंत पोहोचवा.